सुळ्यांच्या जबड्यातलं तेल

तेल मी लावलं होतं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. त्यांच्या गमती सांगायला बसलो की ते मागे पडतं, आणि ते मागे पाडण्यात मी बरीच वर्षं घालवली आहेत. खंडेनवमीच्या सकाळी हत्यारं पुजायला मांडताना मी ते लावलं. ज्या दोन जागी तेलाचा थेंब लागता कामा नये असं ते रोज बजावायचे, नेमक्या त्याच दोन जागी चिंधीने फिरवलं. त्या जागा गंजक्या दिसत होत्या आणि पूजेत बऱ्या दिसल्या नसत्या, एवढंच त्याचं कारण. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. एकदा काम सुरू होण्याआधी आणि एकदा सगळं होऊन गेल्यावर.

आता ते कोण, ते सांगतो.

कुंडलहून पलूसकडे जाताना रस्त्याच्या कडेला त्यांचं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, पुढे मोकळं अंगण, मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड. लष्कराच्या वर्कशॉपात नोकरी करून ते हवालदार होऊन परतले होते, म्हणून गाव त्यांना हवालदार म्हणायचं. मी आबा म्हणायचो. बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हा मी त्यांच्याकडे ट्रॅक्टर चालवायला लागलो. कॉलेज पहिल्याच वर्षाला सुटलं होतं, घरी थोरला भाऊ शेती बघत होता आणि मला यंत्रांची आवड होती. आबांकडे कोणी टिकत नाही, असं सगळे सांगत होते. कारण विचारलं की नुसते हसायचे.

कारण पहिल्याच दिवशी कळलं. आबा भित्रे होते. माणसाला ते भीत नसत, सापाला भीत नसत, पावसापाण्याला भीत नसत. त्यांना भीती होती ती वर असलेल्या वस्तूची. ठेच लागू नये म्हणून माणसं खाली बघून चालतात, आबा वर बघून चालायचे, आणि त्यामुळे त्यांना ठेचा फार लागायच्या. उंच, वाळकी अंगकाठी, खाकी विजार, पांढरा सदरा आणि आभाळाकडे लागलेली हनुवटी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस मोठा मानी आहे.

पंख्याखाली ते बसत नसत. बँकेत गेले तर आधी छताकडे बघत आणि मग भिंतीला पाठ लावून उभे राहत. साहेब म्हणायचे, "या हवालदार, बसा." हे म्हणायचे, "बसतो की. तेवढा पंखा बंद करा." मे महिन्यात सगळी बँक त्यांच्यापायी घामाघूम व्हायची. एसटीत चढण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि चाकाचे नट हाताने चाचपत. इस्लामपूर स्टँडवर एकदा कंडक्टरने दारातूनच विचारलं, "आवं हवालदार, बसताय का गाडी इकत घ्यायचीय?"

"ह्यो नट ढिल्ला हाय," आबा म्हणाले.

"तवा आवळा आन् या. टिकीट माफ."

आबांनी खरंच पिशवीतून पाना काढला. नट काही ढिला नव्हता, पण गाडीला उशीर झाला आणि आतल्या बायका कंडक्टरला शिव्या घालू लागल्या. हा पाना त्यांच्याजवळ सदैव असायचा. मूठ घासून गुळगुळीत झालेला, लष्करातून आणलेला. पाहुण्यांच्या घरी गेले तरी तो उशाखाली असायचा.

आणि लग्नाचा तो मांडव! काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेरचं लग्न होतं. जेवायला बसण्याआधी आबांनी सवयीप्रमाणे जवळचा खांब हलवून बघितला. खांब हलला. म्हणून त्यांनी जरा जोर लावला. मांडवाचा एक कोपरा हळूच वाकला आणि वाजंत्र्यांच्या अंगावर जाऊन बसला. सनईवाला कापडाखालून ओरडत होता. नवऱ्या मुलाचे मामा धावत आले, "कुणी केलं ह्ये?" आबा खांबाला धरून शांतपणे म्हणाले, "बघा, म्या म्हणत न्हवतो? ढिल्ला हुता." काकींनी डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून घेतला. हा किस्सा पुढे त्या मला कितीदा तरी सांगायच्या, आणि दरवेळी आबा आतून ओरडायचे, "माणसं जेवाय बसल्यावर पडला असता तर?"

ही भीती आली कुठून, ते मला कधीच नीट कळलं नाही. लष्करात त्यांनी काही पाहिलं असावं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वजन वर गेलं की कुणाचंच नसतंय, गड्या. खाली हाय तवर आपलं." मी फिरून विचारलं नाही. त्या वयात मला त्यांच्या भीतीपेक्षा तिची नक्कल करणं जास्त आवडायचं. संध्याकाळी पारावर मी हनुवटी वर करून चालून दाखवायचो आणि दोस्त लोळून हसायचे.

आणि अशा माणसाने आपलं डोकं खर्च केलं ते वजन वर उचलण्याच्या यंत्रावर. भीती वाटते म्हणूनच असेल. भंगारातले तेलाचे जॅक आणून त्यांनी एका लहान ट्रॅक्टरला पुढे दोन लोखंडी हात बसवले आणि त्या हातांना माती उचलायची बकेट. बकेटला ते सूप म्हणत. सुपाने माती, मुरूम, शेणखत उचलता येई, पण इंजिन, पंप, फळ्यांवर रचलेली पोती असली वस्तू सुपात मावत नसे. म्हणून त्यांनी सुळे केले. जुन्या ट्रकच्या चासीच्या पोलादाचे दोन लांब, सपाट सुळे. प्रत्येकाच्या मागच्या टोकाला एक जबडा. तो सुपाच्या पुढच्या ओठावर सरकवायचा आणि खालून बोल्ट आवळायचा, की सुळा सुपाला घट्ट चावून बसतो. काम झालं की बोल्ट ढिला करून सुळे उतरवायचे आणि सूप पुन्हा मातीला मोकळं. उचललेल्या वजनाने ट्रॅक्टर पुढे तोंडावर पडू नये म्हणून मागे दगड-सिमेंट भरलेलं पिंप टांगलेलं होतं. ते शेपूट. गावातली माणसं विचारायची, "हवालदार, सुळं झालं, शेपूट झालं, सोंड कवा लावताय?"

आबांना ही थट्टा चालत नसे. सुळे चढवायचे म्हणजे त्यांच्यासाठी मोठं काम होतं, आणि ते मला कधीच करू देत नसत. मी गाडी चालवायची, बोल्ट त्यांनी आवळायचे. आधी जबड्यात कोरडी राख चोळायची. जबड्याच्या आत त्यांनी छिन्नीने खाचा पाडल्या होत्या. "ह्ये दात हायत. चाव्याला तेल लागलं की चावा घसरतोय. बाकी कुठं बी तेल वत, हितं न्हाई," असं ते रोज सांगायचे. मग जबडा ओठावर सरकवायचा, उजव्या हाताने पाना लावून सगळं अंग टाकून आवळायचं. हातोडीचा एक ठोका सुळ्यावर घालायचा आणि डोकं किंचित कलतं करून ऐकायचं. कान काय ऐकत होते, देव जाणे. ऐकून झालं की स्वतःलाच म्हणायचे, "आता पुन्हा." आणि पुन्हा आवळायचं. आधी घट्ट बसला आहे हे दिसत असलं, तरी पुन्हा.

हे "आता पुन्हा" त्यांच्या सगळ्या जगण्यात होतं. घराला कुलूप घालून निघाले की चार पावलांवरून परत, "आता पुन्हा." चूल विझवली का, हे काकींना दोनदा विचारायचे. काकी पहिल्यांदा उत्तरच देत नसत. "दुसऱ्यांदा इचारतील तवा सांगीन की," म्हणायच्या.

बोल्ट आवळून झाले की फक्की. डब्यातली चुन्याची पांढरी फक्की घेऊन ते वजनाभोवती मोठं रिंगण आखायचे, लग्नात पंगतीभोवती रांगोळी काढावी तसं मन लावून. त्या रिंगणाच्या आत वजन उचललेलं असताना कोणी पाय टाकायचा नाही. मालकाने नाही, हमालाने नाही, त्यांनी स्वतःही नाही. कुणाचा पाय आत गेला तर ते असे ओरडत की रस्त्यावरची बैलं बुजायची. वजन गुडघ्याच्या वर न्यायचं नाही. वळायचं ते चालत्या माणसाच्या गतीने. एखादं इंजिन गाडीतून उतरवायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा. गिऱ्हाइकं वैतागायची, पण त्या भागात दुसरं यंत्र नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला आबा सकाळीच सांगलीला गेले होते, कसलंसं सामान आणायला. हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी मन लावून केलं. पाने, हातोड्या, छिन्न्या, ऐरण, सगळं राखेने घासलं, पुसलं, तेलाचा हात दिला. सुळे ट्रॅक्टरवरून काढून घोंगडीवर मांडले. ते चकचकीत दिसत होते, फक्त मागे जबड्यांच्या तोंडाशी तांबूस, खरखरीत. सगळ्या मांडणीत तेवढंच डोळ्यांत येत होतं. चिंधी हातात होतीच. मी ती जबड्याच्या आत घातली आणि फिरवली. वाटलं, उद्या राखेने निघेलच.

काकींनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. संध्याकाळी आबा आले आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "झ्याक मांडलंस रं." त्यांनी माझी तारीफ केल्याचं हे बहुतेक एकमेव वाक्य. म्हणून तेव्हा बोललो नाही, असंही असेल.

दसऱ्याला सकाळी अंगणात ट्रक उभा. गुऱ्हाळवाले एक गृहस्थ, धिप्पाड, मिशाळ, फेटा बांधलेले. त्यांनी उसाचा जुना चरक विकत घेतला होता आणि दिवाळीनंतर तो गुऱ्हाळावर बसवायचा होता. आधी आबांकडून तो दुरुस्त करून हवा होता. ट्रकवाल्याला घरी जायची घाई. तो सारखा हॉर्न वाजवत होता.

आबांनी चरकाचे रूळ वेगळे काढायला लावले, म्हणजे वजन निम्मं होईल. मग सुळे घ्यायला गेले. राखेचं भांडं उचललं, तेवढ्यात काकी पुढे आल्या.

"राख लावायची न्हाई आज. अजून हळदकुंकू हाय त्येच्यावर."

"जबड्यात कुठलं हळदकुंकू?"

"पूजेतलं लोखंड हाय. दसऱ्याच्या दिशी राख न्हाई. माझ्या सासूनं मला सांगितल्यालं हाय, म्हंजी तुमच्याच आईनं."

आबा थांबले. आईचं नाव आलं की ते नेहमीच थांबायचे. भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "जबडं कोरडं हायत न्हवं रं?"

हॉर्न वाजत होता. गुऱ्हाळवाले मिशीवर हात फिरवत बघत होते. हो, तेल लागलंय, असं म्हटलं असतं तर आबांनी मला गुऱ्हाळवाल्यांसमोर झापलं असतं आणि काकींशी पुन्हा वाद घालून सगळं पुसत बसले असते. मनात आलं, एवढंसं तर तेल, आत दात आहेत, दोनदा आवळणार आहेत. मी म्हणालो, "कोरडं हायत, आबा."

त्यांनी आवळलं. ठोकलं, ऐकलं. "आता पुन्हा," म्हणून पुन्हा आवळलं. फक्कीचं रिंगण आखलं. मी ट्रॅक्टर पुढे नेला, सुळे चरकाच्या सांगाड्याखाली सारले, उचललं, मागे घेतलं, आणि त्यांच्या शिस्तीप्रमाणे लगेच गुडघ्यापर्यंत खाली आणलं. सगळं ठीक चाललं होतं. शेडकडे वळताना पुढचं चाक एका खाचेत गेलं, गाडीला हलकासा हिसका बसला, आणि डावा सुळा सुपाच्या ओठावरून बाजूला सरकला. आवाज झाला नाही. नुसता सरकला, तेल लावलेल्या कडीसारखा. चरक कलंडला आणि रिंगणात आडवा पडला. ओतीव बिडाच्या सांगाड्याचा एक पाय तुटला. धूळ उडाली.

रिंगणात कोणी नव्हतं. चरक पडला तिथे दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपात दोन माणसं हात लावून चालत असती. गुऱ्हाळवाले पांढऱ्या रेघेवर उभे होते, पायाच्या बोटांशी रेघ. त्यांनी एकदा पडलेल्या चरकाकडे आणि एकदा रेघेकडे बघितलं. मला वाटलं आता भडकतील. ते फक्त म्हणाले, "हवालदार, तुमची रेघ. तुमच्या रेघेनं वाचलो आज."

आबांना ते ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. ते सुळ्याकडे बघत होते. मी ट्रॅक्टरवरून उडी मारली, धावत गेलो, सुळा उचलला आणि धूळ झटकल्यासारखं करून सदऱ्याच्या शेवाने जबडा आतून पुसला. चांगला पुसला. मग त्यांच्यापुढे धरला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तेल लावलं ती चूक होती. हे पुसणं चूक नव्हतं, ते मी जाणूनबुजून केलं.

त्यांनी जबड्यात बोट घातलं. "कोरडा हुता?"

"हुता, आबा."

"म्या दोनदा आवळलं?"

"दोनदा आवळलं की."

"मग?"

मी सदऱ्याचा तेलकट शेव विजारीत खोचला. आबांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उघडला, मिटला. "मग हात गेला," ते म्हणाले.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. पण लोखंडाच्या प्रत्येक तुकड्यावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने माझ्या शब्दावर संशय घेतला नाही. जबडा कोरडा होता, बोल्ट दोनदा आवळला होता, तर उरला हात. त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. त्या दिवसापासून त्यांनी उजव्या हाताने काही आवळलं नाही. आधी बोल्ट सोडले. मग सायकल सोडली, ब्रेक नीट दाबला जाईल का म्हणून. मग दाढी न्हाव्याकडून करू लागले. सदऱ्याच्या गुंड्या काकी लावून द्यायच्या. लावून घेताना ते मान वर करून छताकडे बघत राहायचे. चहाची बशी डाव्या हातात. कुलूप मी घालायचो. परत येऊन "आता पुन्हा" म्हणणंही थांबलं. आपल्या हातावर भरवसा नाही, तर पुन्हा तरी कशाच्या जोरावर करायचं?

काकी त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मलाही सोबत नेलं. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली, "दाबा बघू." आबांनी दाबली. डॉक्टर "आई गं" म्हणाले आणि हात झटकत हसले, "काही झालेलं नाही हो तुम्हाला." बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "डाक्टरच्या बोटावर कुठं वजन हुतं?" काकी रस्त्यातच डोळे पुसायला लागल्या. मी शेजारी उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. तोंडही उघडलं होतं. मग एसटी आली.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि पाना माझ्या हातात दिला. "आता तू आवळ. तुझा हात तरणा हाय. चुकायचा न्हाई." तो पाना मी घेतला. वर्कशॉप मी चालवू लागलो. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "पोरगं हुशार हाय, हवालदाराच्या हाताखाली तयार झालंय." सुरुवातीला आबा खुर्ची टाकून दारात बसायचे आणि विचारायचे, "आवळलंस?" मग तेही विचारेनासे झाले. मग खुर्ची आत गेली. पुढे त्यांचे जावई लष्करात लांब कुठे तरी गेले आणि साताऱ्याला लेक एकटी पडली, म्हणून दोघं तिकडे राहायला गेली. जाताना आबांनी एसटीभोवती फेरी मारली नाही. चढले आणि बसले.

इकडे ती भीती मला लागली. बोल्ट दोनदा आवळून भागेना. रस्त्याने जाताना मी वर बघायला लागलो. पारावर माझी नक्कल कुणी तरी करत असणार, मी तिकडे जाणंच सोडलं. दर दिवाळीला मी साताऱ्याला जायचो, फराळ खायचो, त्यांच्या पाया पडायचो, आणि ते डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचे. काकी हसून म्हणायच्या, "लय माया हाय हो ह्येची." जाताना बसमध्ये वाक्य जुळवत जायचो, येताना तेच वाक्य घेऊन परत यायचो.

दर खंडेनवमीला मात्र माझा हात जबड्यांपाशी येऊन अडायचा. शेवटी एका खंडेनवमीला पूजा मांडून झाली, हळदकुंकू वाहिलं, आणि मी मांडणीतून तो पाना उचलला, पिशवीत टाकला आणि कराडची एसटी पकडली. तिथून सातारा. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलू नये हे मला माहीत होतं. पण आज थांबलो तर पुन्हा दिवाळी येईल आणि मी पुन्हा फराळ खाऊन परत येईन, हेही माहीत होतं.

घराच्या पुढच्या पडवीत आबा बसले होते. मागे अजिंक्यताऱ्याचा डोंगर उन्हात तळपत होता. अंगणातल्या नळाला चिंधी बांधलेली आणि तरी तो ठिबकत होता, खाली बादली. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. मला बघून हसल्या. "दिवाळी अजून लांब हाय की रं. आलास त्ये बरं झालं. जरा नळ बघ. घरात एवढा कारागीर, आन् नळ गळतोय."

आबा म्हणाले, "आज खंडेनवमी. हत्यारं मांडलीस का न्हाई?"

"मांडली."

"मग हिकडं कसा?"

मी पिशवीतून पाना काढून त्यांच्या पायाशी ठेवला. त्याला हळदकुंकू लागलेलं होतं. ते दचकलेच. "आज पूजेतनं उचललास? आरं, काय येडा का खुळा तू?"

"आबा, जबड्यात तेल हुतं. म्या लावलं हुतं. पूजेला."

त्यांना लगेच कळलं नाही. कपाळावर आठ्या आल्या. "कंच्या जबड्यात?"

"सुळ्यांच्या. चरक पडला त्याच्या आदल्या दिशी. तुमी इचारलं तवा खोटं बोललो. आन् चरक पडल्यावर जबडा पुसून तुमच्यापुढं धरला."

काकींचा हात सुपात थांबला. नळ ठिबकत होता. आबांनी विचारलं, "कसलं तेल?"

"मशिनीचं."

"दोन्ही जबड्यांना?"

"दोन्ही."

"लय?"

"चिंधीनं फिरवलं. आतपतोर."

आबांच्या डोक्यात तो चरक पुन्हा उचलला जात होता, पुन्हा वळत होता, चाक पुन्हा खाचेत जात होतं, हे मला दिसत होतं. मग त्यांनी मांडीवरचा उजवा हात उचलला, डोळ्यांसमोर धरला, उघडला, मिटला. दसऱ्याच्या दिवशी केला होता तसाच.

काकी उठल्या. सूप बाजूला सारलं, तांदूळ सांडले. "इतकी वरसं म्या ह्येंच्या गुंड्या लावतीया," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तान्ह्या पोराच्या लावाव्या तशा. तुला दिसत हुतं सगळं. मिरजेला तू संगं हुतास. आन् दर दिवाळीला माझ्या हातचा फराळ खाऊन जायचास व्हय रं?"

मी खाली वाकलो, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "चुकलो. माफ करा मला." शब्द जमिनीकडे तोंड करून निघाले. मलाही ते नीट ऐकू आले नाहीत.

"ऊठ," आबा म्हणाले. "हितं न्हाई, पायात बोलू नको." मग मान वळवून घराकडे हाक मारली, "ए बाय, भाईर ये जरा." त्यांची लेक ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली. काकी तिच्याजवळ सरकल्या. आबांनी खाली वाकून पाना उचलला. उजव्या हाताने. सवयीने मूठ त्याच्याभोवती मिटली, तसे ते क्षणभर त्या मुठीकडेच बघत राहिले. माफी दिली असं ते म्हणाले नाहीत, आणि दिली नाही असंही म्हणाले नाहीत. पाना मांडीवर ठेवला, डोकं किंचित कलतं केलं, लोखंडावर ठोका घातल्यावर करायचे तसं, आणि माझ्याकडे कान लावून म्हणाले,

"आता पुन्हा."

मी उभा राहिलो. त्या तिघांकडे बघितलं. आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "तेल म्या लावलं हुतं. आबांचा हात चुकला न्हवता, कवाच चुकला न्हवता. चुकलो म्या, आन् इतकी वरसं लपवलं. आबा, काकी, मला माफ करा."